कंपनीच्या बसमध्ये लिहिलेल्या वह्या

माझ्या मुलीच्या तिसरीपासून आठवीपर्यंतच्या सगळ्या वह्या मी लिहिल्या आहेत. समास आखून दिले, चित्रं चिकटवून दिली, असली किरकोळ मदत नव्हे. मी लिहिल्या. मराठी, इतिहास, विज्ञान, सगळ्या. तिच्या अक्षरात, म्हणजे तिचं अक्षर कसं असावं असं मला वाटायचं त्या अक्षरात. हे मी पश्चात्ताप म्हणून सांगत नाहीये. पश्चात्ताप व्हायचा तो झाला, त्याचं जे करायचं ते केलं. सांगते आहे ते एवढ्यासाठी, की आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर अजूनही रोज संध्याकाळी वह्यांच्या पानांचे फोटो पडतात, आणि ते फोटो कोण मागतं आणि कशाला मागतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी राहते शनिवार पेठेत आणि नोकरी करते खराडीला. कंपनीची बस सकाळी सव्वासातला येते आणि रस्त्याने मनावर घेतलं तर तासाभरात, नाहीतर दीड तासात पोचवते. बसमध्ये बाकीचे लोक झोपतात. एक बाई रोज काहीतरी निवडत किंवा सोलत असतात, हिवाळ्यात मटार, एरवी मेथी नाहीतर गवार. मी वह्या लिहायचे. मांडीवर डब्याची पिशवी, पिशवीवर वही, आणि पुढच्या सीटच्या जाळीत फोन, फोनवर वर्गातल्या कुठल्यातरी हुशार मुलीच्या वहीचा फोटो. ज्या विषयाचा तास त्या दिवशी नसेल त्याच वह्या न्यायच्या, संध्याकाळी परत आणून दप्तरात घालायच्या. वेळापत्रक मला पाठ होतं. लेकीला नव्हतं, मला होतं. येरवड्याच्या पुढे रस्ता कायम खोदलेला असायचा, आणि त्या धक्क्यांनी माझं अक्षर आपोआप नऊ वर्षांच्या मुलीसारखं यायचं. रस्ता खोदणाऱ्यांचे माझ्यावर एवढेच उपकार.

सुरुवात अगदी साधी झाली. तिसरीत असताना वहीत लाल शाईने शेरा आला, ‘लिखाण अपूर्ण’. मग दुसरा आला. मग ‘पालकांनी लक्ष द्यावे’. तिला विचारलं तर म्हणाली, “माझी एक ओळ होते तेवढ्यात बाई फळा पुसतात.” ते खरं होतं. ती फळ्याकडे बघायची, वहीकडे बघायची आणि परत फळ्याकडे बघेपर्यंत आपण कुठे होतो हे तिला सापडायचं नाही. वाचायला बसवलं की ओळीखाली बोट धरून एकेक अक्षर ओढत न्यायची, कपाळावर घाम यायचा, आणि पान संपेपर्यंत पहिल्या ओळीत काय होतं ते विसरलेली असायची. तोच धडा मी मोठ्याने वाचून दाखवला की मात्र एक शब्द सुटायचा नाही. उलट मलाच प्रश्न, “गडावर एवढी माणसं राहायची तर त्यांना उन्हाळ्यात पाणी पुरायचं का?” मला उत्तर माहीत नसायचं. पुस्तकातही नसायचं. परीक्षेत तर तो प्रश्नच नसायचा.

अशा वेळी आईने काय करावं? शाळेत जाऊन विचारावं. मी गेले नाही. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी शिक्षकांची घराणी, आत्या-मावश्यांत निम्म्या जणी शाळेतून निवृत्त झालेल्या. माझ्या लेकीला तिसरीत वाचता येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? म्हणून मी वही उचलली, बसमध्ये बसले आणि लिहिलं. दुसऱ्या दिवशी वहीत ‘छान’ असा शेरा आला. तो शेरा बघून मला जो आनंद झाला त्याची मला आजही चीड येते.

तिच्या बाबांनी त्यांच्या परीने वेगळा घोळ घातला. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मुलगी वाचताना अडखळते म्हणजे दोष डोळ्यांत, असं त्यांनी ठरवून टाकलं. नंबर निघेना, तर त्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा निघेना, तर शून्य नंबरचा चष्मा करून दिला, बघू म्हणाले फरक पडतो का. चौथीत तिच्याकडे तीन चष्मे होते आणि डोळे ठणठणीत होते. मी त्यांना हसले होते. माझ्या वह्यांबद्दल त्यांना सगळं माहीत होतं, पण ते मला कधी हसले नाहीत, आणि बोललेही नाहीत.

नातेवाइकांनी मात्र बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. भिजवलेले बदाम द्या. ब्राह्मी द्या. मोबाइल काढून घ्या. हिला अॅबॅकसला घाला, त्याने मेंदूच्या दोन्ही बाजू चालतात. एकजण म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो, दोन ठेवून दिल्या की सगळं वाचता यायचं. त्यांना स्वतःला औषधाच्या बाटलीवरचं वाचायला दुसरा माणूस लागतो, पण ते असो. आणि पुढे जेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द घरात आला तेव्हा दुसरी टोळी आली. ही मंडळी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांची यादी घेऊन येतात. अमक्यालाही होतं, तमक्यालाही होतं, घाबरू नका, ही मुलं असामान्य असतात! माझी मुलगी असामान्य नाही. तिला गाणं येत नाही, चित्र बरं काढते, गणित बेताचं, गप्पा भरपूर. शेजारच्या मुलाला सामान्य असायला कोणाची परवानगी लागत नाही, मग हिने वाचता न येण्याच्या बदल्यात जगाला शोध लावून द्यायचा का? मला असला सौदा मान्य नाही.

पाचवीत तर कहर झाला. स्नेहसंमेलनात तिला ‘आदर्श वही’चं बक्षीस मिळालं. माझी परिसर अभ्यासाची वही होती ती. मी मेहनतही घेतली होती त्या वर्षी, शीर्षकं हिरव्या शाईने, उत्तरं निळ्या शाईने. ती स्टेजवर गेली, पाहुण्यांशी हात मिळवला, प्रमाणपत्र घेतलं आणि एकदाही न हसता खाली उतरली. घरी आल्यावर प्रमाणपत्र माझ्या उशीखाली ठेवून दिलं. मी म्हटलं, “अगं, तुझ्या कपाटात ठेव.” ती म्हणाली, “तुझं आहे ते.” मी तिला रागावले. शाळेने मात्र ती वही मागून घेतली, तपासणीला साहेब येतात तेव्हा दाखवायला बरी पडते म्हणून.

असं आठवीपर्यंत चाललं. घरी तिचे पेपर आले की त्यात अर्धी पानं कोरी असायची, तोंडीच्या गुणांवर ती कशीबशी वर ढकलली जायची, आणि वर्गशिक्षिका दर वेळी एकच म्हणायच्या, “वही एवढी छान, मग पेपरात काय होतं हो हिला?” मी मान खाली घालून “हो ना” म्हणायचे.

एके दिवशी बसमध्ये गवार मोडता मोडता त्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “कितवीत गेलात यंदा?”

मी दचकले. “आठवीत,” म्हटलं.

“मग आता भूमिती. कंपासपेटी आणत जा, बसमध्ये वर्तुळं नीट यायची नाहीत.” आणि उतरताना त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यांच्या बहिणीची मुलगी कसबा पेठेत एका विशेष शिक्षिकेकडे जायची, तिथला पत्ता होता. पाच वर्षं माझ्या शेजारी बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्या कसब्यातल्या बाईंची खोली एका तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर ठोकाठोक चालते. मला वाटलं, इथे मुलांचं लक्ष कसं लागणार? बाई म्हणाल्या, “आवाजाचा त्रास तुम्हाला होतो. मुलांना शांततेचा होतो. शांत वर्गात अडखळलं की सगळ्यांना ऐकू जातं.” मग त्यांनी लेकीला वाचायला दिलं, लिहायला दिलं, तासभर तिच्याशी गप्पा मारल्या, आणि माझ्याकडे वह्या मागितल्या. मी विज्ञानाची पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली आणि मिटली.

“ह्या वहीतल्या मुलीला काहीही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तब्येत उत्तम आहे. वय साधारण चाळीस.”

लेक हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. माझे कान तापले.

“अहो, हसण्यासारखं नाहीये,” बाई पुढे म्हणाल्या. “हिची सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागेल. तिथे वह्या मागतात. ह्या नेल्यात तर ते म्हणतील, घरी न्या मुलीला आणि आमचा वेळ घेऊ नका. ही कुठे अडते, काय गाळते, किती वेळ लावते, ते सगळं तिच्या वह्यांत दिसलं असतं. तुम्ही पाच-सहा वर्षं बसून ते पुसून टाकलंत.”

मला राग आला. मी म्हटलं, “मी नसतं लिहिलं तर तिला रोज वर्गाबाहेर उभं केलं असतं.”

“केलं असतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मग कोणीतरी विचारलं असतं, ही रोज बाहेर का उभी असते?”

त्या दिवसापासून मी लिहिणं बंद केलं. सांगायला सोपं आहे. बसमध्ये माझे हात रिकामे पडले आणि दीड तास खिडकीतून बघण्यात घालवावा लागला. तिच्या वह्या उघड्या पडल्या. एका पानावर चार ओळी, मध्ये मोकळी जागा, मग दोन शब्द, मग काहीच नाही. वर्गात हाहाकार झाला. आदर्श वहीवाल्या मुलीला नववीत येता येता काय झालं? मोबाइलचं व्यसन, वाईट संगत, घरात काही चाललंय का, एवढे सगळे प्रश्न आले. तिला वाचता येतं का, हा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला नाही.

ती मात्र आठवड्यातून तीनदा कसब्यात जाऊ लागली. पहिल्या दिवशी बाईंनी ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढायला लावली, तेव्हा तणतणली, “मी काय बालवाडीत आहे?” बाई म्हणाल्या, “बालवाडीत आली असतीस तर माझं काम सोपं होतं. आता दुप्पट रवा लागेल.” हळूहळू ती वाचायला लागली. पटापट नाही. एक परिच्छेद, दोन परिच्छेद, पट्टीखाली एकेक ओळ धरून. पण वाचलेलं तिच्या लक्षात राहायला लागलं.

रुग्णालयात पाच-सहा खेपा झाल्या. रांगा, कागद, वेगवेगळ्या चाचण्या. तिथे तिच्या खऱ्या वह्या नेल्या, चार-चार ओळींच्या. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. वाचनाची आणि लिखाणाची अक्षमता, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्यास पात्र. लेखनिक म्हणजे खालच्या इयत्तेतलं कोणीतरी शेजारी बसतं, आपण उत्तरं सांगायची आणि त्याने लिहायची. रुग्णालयाच्या पायरीवर बसून तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मी ढ नाही, असं ह्यांनी लिहून दिलंय?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “शिक्का आहे ना?” मी शिक्का दाखवला आणि तिथेच रडले. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. नववीच्या सहामाहीनंतर शाळेत मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी लेकीला घेऊनच गेले. बाईंनी तिचं प्रगतिपुस्तक पुढे ठेवलं. पाच विषय लाल.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागतो, हे आपण जाणताच. हिला आपण सतरा नंबर भरूया. तिच्याच दृष्टीने बरं. ताण नाही काही.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षा. शाळेतून नाव काढायचं, घरी बसायचं आणि खाजगी विद्यार्थी म्हणून पेपर द्यायचा. शाळेचा निकाल शाबूत राहतो, मुलीची शाळा जाते. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या सगळ्या मैत्रिणी ह्या शाळेत होत्या, बालवाडीपासून ती त्याच फाटकातून आत जात होती.

मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. म्हटलं, “बाई, हिला लेखनिक मिळू शकते. बोर्डाकडे प्रस्ताव शाळेने पाठवायचा असतो. तुमची सही लागते.”

त्यांनी ते लांबूनच पाहिलं. “प्रमाणपत्रं काय हो, हल्ली मिळतात. मार्कांसाठी लोक काय काय करतात.” मग त्या उठल्या, काचेचं कपाट उघडलं आणि एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. हिरवी शीर्षकं, निळी उत्तरं. “ही हिची पाचवीतली वही. आम्ही अजून साहेबांना दाखवतो. पाचवीत जी मुलगी असं लिहीत होती तिला नववीत लिहिता येत नाही, हे मी बोर्डाला कोणत्या तोंडाने कळवू? ही आळशी झालीये. स्पष्ट बोलते, राग मानू नका.”

मला माहीत होतं की हे कधीतरी असं समोर येणार. एक वाक्य बोलायचं होतं. ते न बोलता आम्ही बाहेर पडलो असतो, तर माझी अब्रू राहिली असती आणि तिची शाळा गेली असती.

“ती वही मी लिहिली आहे,” मी म्हटलं. “तिसरीपासून आठवीपर्यंतच्या सगळ्या मी लिहिल्या आहेत.”

मोठ्या बाईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हणजे तुम्ही शाळेची फसवणूक केलीत.”

“केली. पण बाई, इतकी वर्षं ही तुमच्या वर्गात बसून तासाला तीन ओळी लिहीत होती, आणि दोन दिवसांनी तिच्या वहीत तीन पानं असायची. एकाही बाईंना प्रश्न पडला नाही? शेरे मिळत गेले, बक्षीसही मिळालं. मी फसवलं हे खरं, पण तुम्हीही फसायला तयारच बसला होतात.”

बाईंचा चेहरा लाल झाला होता. “हे तुम्ही लेखी द्याल?”

“कागद द्या.”

मी तिथेच बसून लिहिलं. त्याच अक्षरात लिहिलं, गोल, सरळ, वेलांटीला थोडा झोका देऊन. बसचे धक्के नव्हते तरी हात आपोआप तसाच वळला. बाईंनी कागद वहीशेजारी ठेवला आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “समजा मी प्रस्ताव पाठवला, आणि ही नापास झाली तर?”

“तर नापास होईल,” मी म्हटलं. “तुमच्या शाळेतून नापास होईल. बाकीच्या मुलांना तो हक्क आहे, हिलाही आहे. शंभराचे नव्याण्णव होतील. फ्लेक्सवर नव्याण्णव लिहा, वाईट दिसत नाही.”

ह्यावर त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं आणि लेकीकडे वळल्या. “आईचं लेखी झालं. आता तुझंही हवं. तुला लेखनिक कशाला हवी ते तू स्वतःच्या हाताने लिहून दे. मग मी सही करते.”

“अहो, हेच तर तिला जमत नाही!” मी ओरडलेच. “तिने तोंडी सांगितलं तर नाही चालणार? ती सांगेल, मी…” आणि माझा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला होता. मला कळलंसुद्धा नव्हतं.

लेकीने पेन माझ्या हाताखालून काढून घेतलं. “आई,” ती म्हणाली, “तू बाहेर बस.”

मी बाहेर जाऊन बाकावर बसले. समोर सुविचाराचा फळा होता आणि त्यावर लिहिलं होतं, ‘सुंदर अक्षर हाच खरा दागिना’. पुसून टाकावासा वाटला. दारातून आतलं काही ऐकू येत नव्हतं. एक तास संपला, घंटा झाली, मुली बाहेर आल्या, परत आत गेल्या. इतका वेळ मी तिला कधीच दिला नव्हता. दहा मिनिटं झाली की मला घाई व्हायची आणि मी वही ओढून घ्यायचे. त्या बाकावर माझ्या मनात एकच होतं, की कागद कोराच राहिला तर?

तो प्रस्ताव गेला आणि मंजूरही झाला. ती त्याच शाळेतून दहावीला बसली, वेगळ्या खोलीत, शेजारी नववीतली एक मुलगी लेखनिक म्हणून. अठ्ठावन्न टक्के मिळाले. जिन्यात भेटलेल्या एका काकूंनी “अठ्ठावन्न का, बरे आहेत की” असं म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी त्यांना दोन पेढे जास्त दिले आणि सांगितलं, बरे नाहीत, उत्तम आहेत. निकाल शंभर टक्केच लागला. फ्लेक्सवर पहिल्या दहांचे फोटो होते, त्यात ती नव्हती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी घंटेनंतर बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. बोटांना शाई, केस कपाळाला चिकटलेले. हातात मोठ्या बाईंची सही आणि शिक्का असलेला अर्ज. मी विचारलं, “काय लिहिलंस? दाखव ना.”

“कागद बाईंकडे आहे. तुझ्यासाठी नव्हता तो.”

आम्ही चालत निघालो. रस्ता ओलांडून पेठेत शिरल्यावर ती म्हणाली, “आई, एक विचारू? तू माझ्या वह्या लिहायचीस ते मला मदत म्हणून, की माझं अक्षर कोणाला दाखवायची तुला लाज वाटायची म्हणून?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. इतकी वर्षं तेच मी स्वतःला देत आले होते, की तुला वर्गाबाहेर उभं करतील म्हणून, तुला रडू येईल म्हणून. पण मोठ्या बाईंसमोर एवढं खरं बोलून आल्यावर तिच्याशी खोटं बोलायला जीभ वळेना.

“लाज वाटायची,” मी म्हटलं. “खूप वाटायची.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. शाळेत सगळे तुलाच हसले असते.”

मी थांबले. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून ही मला झाकत होती, आणि मी समजत होते की मी तिला झाकते आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तिकडे न बघता पुढे बोलत होती.

“लेखनिक आणि आई ह्यांत फरक काय, असं विचारलं मोठ्या बाईंनी. लिहिणार तर दुसरंच कोणीतरी ना, म्हणाल्या. मग मी तेच लिहून दिलं.”

“काय?”

“लेखनिक मी सांगेन तेच लिहील. आईने मला कधी विचारलंच नाही.” मग तिने शाईचा हात ओढणीला पुसला आणि म्हणाली, “दोनच ओळी झाल्या. पण वाचता येतात. बाईंनी मोठ्याने वाचून दाखवल्या.”